तांबडी हलकी कशी केली

आता हे सांगावं की गिळून टाकावं, तेच कळत नाही बघा! पण मी नाही सांगितलं तर माझा मेहुणा सांगेल, आणि तो तिखटमीठ लावून सांगेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. हातात चहा असेल तर आधी खाली ठेवा. कारण एप्रिलमध्ये मी भरल्या माळावर, हातात माईक घेऊन, अशी काही माती खाल्ली की अजून दाताखाली कचकचते.

साताऱ्यात माझं पंखे-मिक्सरचं दुकान आहे. माणूस तसा साधा. विडी नाही, सुपारी नाही. वेड एकच, गाड्यांचं! त्या वेडापायी मी पुण्याच्या एका गृहस्थाकडून तांबडी आणली. तांबडी म्हणजे तीसेक वर्षांपूर्वीची जपानी स्पोर्ट्स कार. दोन दारं, बुटकी, इंजिन पुढं आणि ताकद मागच्या चाकांना. मागं एक सीट होतं, पण ते नावापुरतं. त्याच्यावर फार तर प्रसादाची पिशवी बसायची. पण चालू केली की असा काही हुंकार द्यायची की काय सांगू! लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हासुद्धा माझं काळीज एवढं उडालं नव्हतं. हे आमच्या वैशालीला, म्हणजे बायकोला, कृपया सांगू नका.

गाडी आणल्या आणल्या ती दाखवायला सासुरवाडीला नेली. सासरे, म्हणजे आमचे मामा, तासगावकडचे. फौजेत डोंगराडोंगरातून ट्रक हाकत सुभेदार झाले, आणि आता द्राक्षबाग करून बेदाणा काढतात. मामांनी तांबडीला एक प्रदक्षिणा घातली. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पाव्हणं, हिच्यात बसायचं का निजायचं?"

"आवं मामा, स्पोर्ट्स कार हाय ही!"

"ते कळलं. पर घरातली माणसं कुठं बसायची?"

"दोघंच बसायचं."

"आन पिशव्या?"

मी मागच्या नावापुरत्या सीटकडं बोट दाखवलं. मामांनी नुसती मान हलवली. लग्न झाल्यापासून माझ्याकडं बघून ते अशीच मान हलवतात. जावई वाईट नाही, पण उपयोगाचाही नाही, असा त्या मान हलवण्याचा अर्थ आहे.

तेवढ्यात माझा मेहुणा विक्रम आला. त्याच्याकडं दांडगी डिझेल गाडी, आत सात माणसं आणि वर दोन पोती सहज. तो म्हणाला, "दाजी, मिरजंच्या पल्याड आबांनी सोताच्या माळावर ट्रॅक केलाय. कुणीबी जावं, गाडी पळवावी, टाइम लावून देत्यात. आणा की तुमचं खेळणं! माझ्या डिझेलला हरवून दावा."

खेळणं! तांबडीला खेळणं! माझं डोकंच फिरलं.

"कधी सांग! डोळे झाकून हरवतो तुला."

आणि वैशाली आतून बाहेर आली. तिला या गाडीत माहेरी येताना गुडघे हनुवटीला लावून बसावं लागलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "चालेल. पण हरलात तर ही विकायची, आणि माणसांची गाडी आणायची. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. अहो, रागात माणूस काय काय कबूल करतो!

रात्री घरी आल्यावर डोकं ठिकाणावर आलं. तांबडी म्हणजे म्हातारी. इंजिन थकलेलं. नवं इंजिन मिळणार कुठून? मग मी इंटरनेटवर बसलो आणि मला साक्षात्कार झाला. ताकद वाढवता येत नसेल तर वजन कमी करा! गाडी हलकी झाली की जोरात निघते, लवकर थांबते, वळणावर मुठीत राहते. जगभरातली शहाणी माणसं जुन्या गाड्यांचं असंच करतात म्हणे. बस्स! दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडी हमीदभाईंच्या गॅरेजात.

हमीदभाई पंचवीस वर्षं गाड्यांत वस्तू बसवत आलेले. काढायला सांगणारा मी पहिलाच. मागचं सीट काढलं. शेजारचं सीट काढलं. एसी काढला, स्टेपनी काढली, जॅक काढला, स्पीकर काढले, गालिचा उचकटला. गालिच्याखाली आवाज दाबायला डांबरासारखा काळा थर असतो, तो दोन दिवस पटाशीनं खरवडला. दारांचं आतलं कव्हर गेलं, छताचं कापड गेलं. मागच्या बंपरच्या आत लोखंडी पट्टी होती, ती गेली. दोन हॉर्न होते, त्यातला एक काढला. एका हॉर्नला काय लोक बाजूला होत नाहीत?

"शेठ, आता फकस्त नंबरप्लेट ऱ्हायली," हमीदभाई म्हणाले.

मी खरंच एकदा नंबरप्लेटकडं बघितलं हो!

मग वजन करायला उसाच्या काट्यावर गेलो. पुढं मागं उसानं भरलेल्या ट्रॉल्या, मधे बोडकी तांबडी. आमच्या भागात काट्यावर वजन कमी भरलं की माणसं बाह्या सरसावतात. मी काट्यावरचा आकडा बघितला आणि दोन्ही हात वर करून उडी मारली!

"एकशे चाळीस किलो कमी! एकशे चाळीस!"

काटेवाला खिडकीतून बाहेर आला. "काटा बरोबर हाय, सायेब. भांडू नगा."

"भांडत न्हाई गड्या, मी खूश हाय!"

मागच्या ट्रॉलीवाल्यानं कानाजवळ बोट नेऊन गोल फिरवलं. फिरवू दे. माझे पाय जमिनीवर नव्हतेच!

आता इथं एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडं गाडीचं सीट काढलं की त्याचा जगात एकच अर्थ होतो, माल. व्हॅनची सीटं काढली की त्यात दुधाचे कॅन जाणार. जीपची काढली की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. सीट काढून कुणी मोकळी हवा घेऊन हिंडत नाही. त्यामुळं आमच्या गल्लीत तांबडी उभी राहिली आणि लोक येऊन आत डोकावायला लागले. एक काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई, धंद्याला लागला. लोणंदला लेकीकडं तांदळाचं पोतं द्यायचंय, कवा जाणार?" मेढ्याचे एक जण तर कोंबड्यांची खुराडी मोजूनच आले होते! मी सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं. पण बातमी काय, ती एसटीच्याही आधी पोचते. ती तासगावला पोचली, आणि मला मामांचा फोन आला.

लक्षात घ्या, मामा मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"पाव्हणं, गाडीची सीटं काढली म्हणं?"

"व्हय मामा."

"समदी?"

"माझं सोडून समदी."

"लय झ्याक केलं! वैशीच्या आईला म्या कायम म्हणायचो, कवा ना कवा ह्यो माणूस मार्गाला लागंल."

माझा कानांवर विश्वास बसेना. मामा माझं कौतुक करत होते! मला वाटलं, फौजी माणूस, गाड्यांत हयात गेली, यांना कळलं. यांना शर्यतीतलं मर्म कळलं!

"मामा, शेवटी सगळा वजनाचा खेळ हाय," मी म्हणालो.

"आरं तिच्या! वजनाचाच! तुमचं गणित कुठवर ग्येलंय?"

"एकशे चाळीस किलोपर्यंत."

"एवढ्याशा गाडीत एकशे चाळीस! शाब्बास!"

फोन ठेवला आणि मी वैशालीला मिठीच मारली. तुझ्या वडिलांनी मला शाब्बास म्हटलं म्हणालो! तीही हरखली. खरं सांगतो, शर्यत जिंकायची माझी निम्मी हौस तिथंच फिटली होती. बारा वर्षं ज्या माणसानं मान हलवली, त्यानं शाब्बास म्हणावं? आणखी काय पाहिजे?

शर्यत रविवारी ठरली होती. शनिवारी मी सरावाला ट्रॅकवर गेलो. वैशाली आधीच माहेरी जाऊन राहिली होती, कारण माझ्या गाडीत तिला बसवायचं कुठं? एप्रिलचं ऊन, एसी नाही, आणि तो काळा थर खरवडल्यामुळं आत असा आवाज, की पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यासारखं वाटावं. पण सरळ रस्त्यावर तांबडी काय सुटली म्हणता! बाण! मी एकटाच आत बसून ओरडत होतो.

मग वळण आलं.

वळणावर मी जरा पाय दाबला आणि मागची चाकं म्हणाली, आम्ही निघालो. गाडीचं ढुंगण पुढं, तोंड मागं, आणि सगळीकडं धूळ. परत लावली, परत तेच. तिसऱ्या वेळी तांबडीनं असा पिंगा घातला की मी थांबलो तेव्हा विक्रम समोर उभा होता, पोट धरून.

"दाजी, टाइम लावायचा का फुगड्या मोजायच्या?"

आता शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? विचार केला असता. मी काय केलं? मी ठरवलं की वजन अजून जास्त आहे! तिथल्या तिथं पाना मागून घेतला आणि डिकीतलं अस्तर, डिकीतला पत्रा, मागचा सायलेन्सर, हाताला लागेल ते काढलं. काढून विक्रमच्याच गाडीत टाकलं. परत पळवली. आता तर ती सरळ रस्त्यावरही शेपूट हलवायला लागली. संध्याकाळी सासुरवाडीला पोचलो तेव्हा माझं तोंड एवढंसं झालं होतं. तांबडी जाणार, हे मला दिसत होतं. जेवताना घास उतरेना. मामींनी पोळीवर तूप वाढलं तरी उतरेना, यावरून समजा.

रविवारी सकाळी मी अंघोळीला गेलो, तर मामा बाहेरून म्हणाले, "पाव्हणं, किल्ली द्या. आज पैला दिवस हाय, नारळ फोडतो."

केवढं मोठं मन! मी किल्ली दिली. बाहेर आलो तेव्हा तांबडी धुतलेली, टिळा लावलेला, हार घातलेला, आणि शेजारी मामा घाम पुसत उभे.

"समदं एकदम फिट केलंय. काळजी करू नगा, तुमी फकस्त चालवा," ते म्हणाले आणि पाठीवर थाप मारली.

मला भरून आलं हो. निघालो. आणि रस्त्यावर चमत्कार! तांबडी डुलत नव्हती, उड्या मारत नव्हती. भरधाव, पण जमीन धरून! मनात म्हटलं, बघ लेका, काल काढलेल्या पत्र्याचा गुण! आणखी थोडं वजन कमी पाहिजे होतं, एवढंच! खिशातली घराची किल्लीसुद्धा मी ट्रॅकवर पोचल्यावर वैशालीकडं दिली. उगाच ओझं कशाला?

माळावर जत्रा भरली होती. आसपासच्या गावातली पोरंसोरं, भेळेची गाडी, सगळं. मामा-मामी, वैशाली, सगळे विक्रमच्या गाडीतून आले. माणसं उतरवून विक्रमनं आधी पळवली. चांगली पळवली, कबूल करतो. मग माझी पाळी.

आबांनी झेंडा खाली केला आणि, अहो, काय सांगू! तांबडी सुटली! पहिलं वळण आलं, मी दात आवळून पाय दाबला, आणि मागची चाकं जमिनीला चिकटलेली! दुसरं वळण, तसंच! तिसऱ्या वळणावर मी हसत होतो, चौथ्यावर रडत होतो, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर देवांची नावं आठवतील तशी घेत होतो. पोरं शिट्ट्या वाजवतायत, भेळवाला सोडून सगळे कठड्याला आलेले. थांबलो, तर आबा माईकवरून ओरडत होते, "विक्रमपेक्षा चार सेकंद कमी!"

चार सेकंद! तांबडी वाचली! मी उतरलो, बॉनेटवर डोकं टेकलं. वैशालीसुद्धा टाळ्या वाजवत होती. विक्रमनं येऊन हात मिळवला. आबांनी माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाले, "सांगा पोरांना, जुनी गाडी अशी कशी पळवली?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. "देवाची कृपा" म्हणून माईक परत द्यायला हवा होता. पण नाही! माझ्या अंगात प्राध्यापक संचारला.

"मित्रांनो, वजन हा गाडीचा शत्रू आहे! मी गाडीतून सीटं काढली, एसी काढला, हॉर्नसुद्धा काढला! काल कुणीतरी हसलं मला. पण मी थांबलो नाही. अजून वजन काढलं, आणि आज तुम्ही निकाल बघितलात! या गाडीत आज गरजेपेक्षा एक ग्रॅम जास्त नाही. खोटं वाटतं? या, बघा!"

असं म्हणत मी गाडीच्या मागं गेलो, लोकांकडं तोंड करून, आणि एका हातानं फाडकन डिकी उघडली.

"आहे का काही? सांगा! आत नुसती हवा!"

सगळे टाचा वर करून डिकीत बघायला लागले. मला वाटलं, भारावले. मग एक पोरगं फिसकन हसलं. मग माळच्या माळ हसायला लागला. आणि गर्दीतून मामा लगबगीनं पुढं आले.

"आवं पाव्हणं, दमानं उघडा! बेदाण्याचं बॉक्स हायती, घसरतील."

मी वळलो. डिकीत बेदाण्याचे बॉक्स! एकावर एक, काठोकाठ, आणि फौजी पद्धतीनं दोरीनं असे आवळलेले की जरासुद्धा आवाज येऊ नये.

"मामा, हे काय?" मी माईक तोंडाशी तसाच ठेवून विचारलं, त्यामुळं ते भेळवाल्यापर्यंत ऐकू गेलं.

"साताऱ्याच्या व्यापाऱ्याचा माल. तुमी एकशे चाळीस म्हणलासा, पर म्या म्हणलं पैल्याच दिवशी गाडीला ताण नगं. एकशे वीसच भरलाय."

"मामा, सीटं मी माल न्यायला काढली न्हवती!"

"मंग कशाला काढली?"

"जोरात पळायला!"

मामांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग बॉक्सांकडं. "आवं, पर पळाली कवा? माल भरल्यावरच की!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ताकद मागच्या चाकांना, आणि मी मागचंच सगळं ओझं उपसून काढलेलं. चाकं जमीन धरणार कशाच्या जोरावर? नांगरताना ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना वजनं का बांधतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. मी मात्र इंटरनेटवर बसलो होतो.

आबांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला. "सुटा माल भरून पळवता येत न्हाई. टाइम बाद. रिकामी करून परत पळवा."

बॉक्स उतरवले. पोरांनी हसत हसत रांग लावून उतरवले. मी परत बसलो. पहिल्याच वळणावर तांबडीनं पिंगा घातला आणि कठड्याजवळच्या बाभळीत शेपूट घालून उभी राहिली. तेवढंच झालं. हरलो.

मी आतच बसून राहिलो. लाज होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. ती धूळ खाली बसेपर्यंत मी स्टिअरिंग धरून बसलो आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. वैशाली आली आणि तिनं दार उघडलं. तिला विकायला सांगायचं जड जात होतं, आणि मला नको म्हणायचं तोंड नव्हतं. शब्द दिला होता ना!

"इकायची कशाला?" मागून मामा म्हणाले. "घरातली वस्तू घरात ऱ्हाऊ द्या. म्या घेतो. मला बेदाणा न्यायला बरी हाय."

अशी तांबडी तासगावला राहिली. मी आणि वैशाली एसटीनं साताऱ्याला आलो. व्यापाऱ्याचा माल मामांनी दुसऱ्या दिवशी स्वतः आणून दिला, आणि जाताना आमच्या दुकानासमोर मुद्दाम एक हॉर्न वाजवून गेले. आहेच एक!

मला वाटलं, संपलं. पण परवा मामांचा फोन आला. आवाज असा, जसा विशीतल्या पोराचा!

"पाव्हणं, ट्रॅकवर ग्येलतो! शर्यत न्हवती, आसंच. आबांनी टाइम लावला. मागं तितकंच बॉक्स, तशीच दोरी. तुमच्या त्या दिवसाच्या टायमापेक्षा तीन सेकंद कमी आलं!"

माझ्या अंगावर शहारा आला. म्हातारी तांबडी, त्याच माळावर, तोच माल, आणि तीन सेकंद कमी? माझ्यातला सगळा अभ्यास जागा झाला. कागद-पेन ओढलं.

"मामा, कसं काय? गाडीतनं आणखी काय काढलंत?"

मामा खाकरले. भला माणूस, जावयाला लागेल असं बोलायचं त्यांच्या जिवावर येतं. पण फौजी, खोटंही बोलवेना.

"आणखी काय न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. "तुमाला काढलं."